मंगळवेढ्याची भिंत

॥ श्रीविठ्ठल प्रसन्न ॥



वैशाख महिन्याच्या वद्य पक्षात वारकरी मंडळी संत चोखामेळा यांची पुण्यतिथी पाळतात. चोखोबांचे नाव निघाले की आपणांस त्यांची अनन्य भक्ती आठवते, महाद्वाराबाहेर तिष्ठत उभी राहिलेली त्यांची मूर्ती आठवते आणि त्यांचे अभंग ओठांवर येतात. परंतु चोखोबांचा अंत कसा झाला याचा विचार आपण क्वचितच करतो. ते समाधी लावून गेले नाहीत, अथवा कीर्तनात देह ठेवून गेले नाहीत. परंपरा असे सांगते की शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ च्या सुमारास, मंगळवेढे येथे गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते. त्या कामावर इतर मजुरांबरोबर चोखोबा राबत होते. काम चालू असता भिंत कोसळली आणि कित्येक मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांतच चोखोबा होते.

आजच्या भाषेत बोलावयाचे तर आपल्या संतमालिकेतील एका थोर संताचा मृत्यू कामावरील अपघातात झाला. हे वाक्य कानाला थोडे खटकते, नाही का? तथापि ते सत्य आहे, आणि आजच्या निरूपणास मी हाच विषय घेतला आहे. कामावर गेलेला मनुष्य संध्याकाळी घरी परत येत नाही, अथवा परत येतो तो हात, पाय किंवा दृष्टी गमावून, अशा वेळी त्या मनुष्याशी व त्याच्या घराशी आपण कसे वागावे, याचा विचार चोखोबांच्या साक्षीने करू.

भिंत कोसळली ही वार्ता पंढरपुरास पोहोचली. पुढे नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. ढिगारा उपसता अनेकांच्या अस्थी एकत्र मिसळलेल्या निघाल्या; त्यांतून चोखोबांच्या अस्थी ओळखावयाच्या कशा? कथा अशी की नामदेवांनी एकेक अस्थी उचलून कानाशी धरली आणि जीतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून बाजूस ठेवली. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापुढे चोखोबांची समाधी बांधिली. आजही वारकरी तेथे मस्तक टेकवूनच पुढे जातो.

अस्थींतून नाम निघाले हा चमत्कार खरा की खोटा, हा वाद मला आज घालावयाचा नाही. मला त्या कथेतील तीन क्रिया महत्त्वाच्या वाटतात. नामदेव तेथे गेले. नामदेवांनी कान लावला. आणि नामदेवांनी त्या अस्थींना जागा दिली. जाणे, ऐकणे आणि जागा देणे, या तीन शब्दांत दुःखिताविषयीचा आपला सारा धर्म साठविलेला आहे. ते मंगळवेढ्यास गेले तेव्हा चोखोबांनी पूर्वजन्मी काय केले होते याची चौकशी करीत गेले नाहीत. त्यांनी ढिगाऱ्यापुढे उभे राहून प्रवचन केले नाही. ते खाली वाकले आणि त्यांनी ऐकले.

येथे मला माझ्या हातून घडलेला एक अपराध आपल्यापुढे सांगितला पाहिजे. व्यासपीठावर बसणाऱ्याने आपले प्रमाद झाकून ठेविले तर त्याचे बोलणे पोकळ होते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात आपल्याच वस्तीतील एक गृहस्थ यंत्राच्या पट्ट्यात सापडून जागच्या जागी गेले. घरी पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. नव्या उमेदीचा प्रवचनकार होतो. पोथ्या पाठ होत्या. शोकाने सुन्न झालेल्या त्या माउलीपुढे बसून मी प्रारब्ध, संचित आणि क्रियमाण यांचे निरूपण आरंभिले. जे भोगावयाचे ते भोगल्यावाचून सुटका नाही, असे मी मोठ्या गंभीरपणे सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले आणि हळू आवाजात एवढेच विचारले, "बुवा, प्रारब्ध माझे, हे मी मान्य करते. पण त्या यंत्राला कठडा नव्हता, ते कोणाचे प्रारब्ध?"

मजजवळ उत्तर नव्हते. मी पोथी बांधली आणि उठून आलो.

त्यानंतर काय घडले ते मी स्वतः पाहिले. आपल्या मंदिरात काकड्याला नियमाने येणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. तेराव्यानंतर इतरांचे जाणे-येणे थांबले तेव्हा त्यांचे सुरू झाले. रोज दिवेलागणीच्या सुमारास त्या त्या घरी जात, सूप घेऊन तांदूळ निवडीत बसत आणि फारसे काही बोलत नसत. एकदा त्यांच्या दृष्टीस पडले की समोरच्या बोळात एक तरुण मनुष्य उभा राहतो, घराकडे पाहतो आणि परत जातो. चौकशी करता कळले की अपघाताच्या वेळी यंत्र ज्याने चालू केले तोच हा. त्याला कोणी दोष दिला नव्हता; परंतु त्याने स्वतःला दोष दिला होता. रात्री त्याला झोप येत नसे आणि त्या घराची पायरी चढण्याचे धैर्य होत नसे. बाई उठल्या, बोळात गेल्या आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन आल्या. म्हणाल्या, "सूनबाई, ह्याला पाणी दे."

ती माउली क्षणभर थांबली. मग तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेविला आणि विचारले, "भाऊ, शेवटी ते काय बोलत होते?"

तो म्हणाला, "धाकट्याच्या शाळेच्या फीचे बोलत होते, वहिनी. शनिवारी पगार झाला की भरतो म्हणाले."

मग ती रडली. तीन आठवड्यांत प्रथमच मोकळेपणाने रडली, असे पुढे त्या बाईंनी मला सांगितले. माझ्या तासभराच्या निरूपणाने जे झाले नव्हते ते एका तांब्याभर पाण्याने आणि एका साध्या प्रश्नाच्या उत्तराने झाले. तिला सिद्धान्त नको होता. आपल्या माणसाचा शेवटचा शब्द हवा होता. तो शब्द ज्याच्याजवळ होता तो तरुण बोळात उभा होता, आणि त्याला आत आणण्याची बुद्धी माझ्या विद्वत्तेला झाली नाही, ती त्या निरक्षर वृद्धेला झाली.

श्रोतेहो, यावरून कर्मसिद्धान्त खोटा आहे असे कोणी समजू नये. तो आपल्या धर्माचा आधारस्तंभ आहे. परंतु आधारस्तंभ काढून त्याची काठी करावी आणि दुःखिताच्या पाठीत घालावी, हा त्याचा उपयोग नव्हे. कर्माचा विचार मनुष्याने स्वतःविषयी करावयाचा असतो. मजवर संकट आले असता मी म्हणावे की हे माझे भोग्य आहे, मी धैर्याने सोसीन, हे शोभते. दुसऱ्यावर संकट आले असता मी म्हणावे की हे तुझे भोग्य आहे. याचा अर्थ एवढाच होतो की मला आता घरी जाऊ दे. शिवाय असे पाहा की त्याचा अपघात हे जर कर्माचे फळ असेल, तर त्या वेळी मी त्याचा शेजारी असणे, माझ्या हातात बळ व पदरात चार पैसे असणे, हेही कर्मानेच योजिलेले नाही काय? मग ती योजना मी अर्धीच का वाचावी?

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाची परीक्षा घेतल्याची कथा आपण सर्व जाणता. चारही भाऊ सरोवराच्या काठी निश्चेष्ट पडलेले. यक्ष प्रसन्न होऊन म्हणतो की यांतील एकाला मी उठवितो, कोण हवा ते सांग. भीम मागितला असता तर बळ परत मिळाले असते. अर्जुन मागितला असता तर पुढील युद्धाची चिंता मिटली असती. युधिष्ठिराने नकुल मागितला. कारण विचारता त्याने सांगितले की कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहे, तसा माद्रीचाही एक असावा. आनृशंस्य, म्हणजे कठोरपणाचा अभाव, हाच श्रेष्ठ धर्म होय, असे तो तेथे म्हणतो. स्वतःचे भाऊ गमावून बसलेला तो राजा त्या घटकेला हिशेब करतो तो कोणत्या मातेचे घर पुरते ओस पडेल याचा. दुसऱ्याच्या घरातील रिकामी जागा आपल्या डोळ्यांनी पाहता येणे, यालाच मी सहानुभूती म्हणतो. गीतेने आत्मौपम्य म्हणून ज्या दृष्टीचा गौरव केला, ती हीच.

आता आपल्या काळातील एक घटना घेऊ. इसवी सन २०२३ च्या नोव्हेंबरची १२ तारीख. आपल्याकडे पहाटे अभ्यंगस्नानाची लगबग चालली होती आणि सायंकाळी लक्ष्मीपूजन होते. त्याच पहाटे उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात, यमुनोत्रीच्या वाटेवरील सिलक्यारा येथील बोगद्याचा काही भाग ढासळला आणि ४१ मजूर आत अडकले. झारखंड, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, पश्चिम बंगाल अशा दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली ही माणसे. यात्रेकरूंचा मार्ग सुलभ व्हावा म्हणून जो बोगदा चालला होता, त्यात ते कोंडले गेले. म्हणजे आपल्यासारख्या भाविकांच्या सोयीसाठीच ते तेथे राबत होते, हे आपण विसरू नये.

मध्ये सुमारे ६० मीटर ढिगारा. प्रथम एका अरुंद नळीतून हवा, चुरमुरे, चणे असे कोरडे खाणे जात होते. नवव्या दिवशी सहा इंच व्यासाची नळी पार झाली आणि बाटल्यांत भरलेली ऊन खिचडी त्यांच्यापर्यंत पोहोचली. दुसऱ्या दिवशी त्या नळीतून छोटा कॅमेरा आत गेला आणि त्यांचे चेहरे प्रथमच बाहेरच्यांना दिसले. नातलगांना त्यांच्याशी बोलता यावे अशी व्यवस्था झाली. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर त्यांच्याशी बोलून धीर देत राहिले. बोगद्याच्या तोंडाशी बौखनाग या तेथील देवतेचे लहानसे देवालय मांडले होते. येणारा-जाणारा तेथे हात जोडी आणि कामाला लागे. प्रार्थना चालू होती म्हणून खोदकाम थांबले नाही, आणि खोदकाम चालू होते म्हणून प्रार्थना व्यर्थ आहे असेही कोणास वाटले नाही. आत अडकलेल्यांचे हे प्रारब्ध आहे, असे म्हणून हातावर हात ठेवून तेथे कोणी बसला नाही.

शेवटच्या टप्प्यात परदेशी बनावटीचे मोठे यंत्र ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून मोडले. तेव्हा बोलावणे गेले ते उंदराच्या बिळासारख्या अरुंद वाटेत शिरून हातांनी खणणाऱ्या कामगारांना. कोळसा काढण्याची ही पद्धत इतकी धोक्याची की मेघालयात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली तिला मनाई केली. एरवी ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही अशी ही १२ माणसे, निरनिराळ्या धर्मांची, सुमारे ८०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत आळीपाळीने शिरली आणि त्यांनी उरलेली माती हातांनी उपसली. २८ नोव्हेंबरच्या रात्री, सतराव्या दिवशी, ४१ च्या ४१ मजूर जिवंत बाहेर आले. मजुराच्या हाकेला अखेर मजूरच पोहोचला. ज्याने स्वतः अंधारात काम केले आहे त्याला अंधारात अडकलेल्याची हाक अधिक लवकर ऐकू येते.

याच्या ३४ वर्षे आधी, १९८९ च्या नोव्हेंबरात, बंगालमधील राणीगंज येथील महावीर कोळसाखाणीत पाणी शिरले. सहा कामगारांचे प्राण गेले आणि ६५ जण खाली अडकले. त्या वेळी जसवंतसिंग गिल या अभियंत्यांनी जमिनीला भोक पाडून त्यातून एक पोलादी पिंजरा खाली सोडण्याची योजना केली. कोणाला तरी प्रथम खाली जावे लागणार होते. ते स्वतः गेले. एकेकाला वर पाठवीत राहिले आणि ६५ जण वर आल्यावर सर्वांच्या शेवटी आपण वर आले. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाने खाली उतरणे, हे नामदेवांच्या मंगळवेढ्यास जाण्यासारखेच आहे.

परंतु सज्जनहो, सुटकेच्या कथा सांगून मनास बरे वाटले म्हणजे काम झाले, असे नाही. सिलक्यारा बोगद्याला २०१८ साली मंजुरी मिळाली तेव्हा त्या मंजुरीत सुटकेच्या मार्गाचाही समावेश होता. अपघाताच्या पहाटे मात्र त्या ४१ जणांना बाहेर पडण्यास असा मार्ग नव्हता. त्या माउलीने मला विचारलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. भिंत आपोआप कोसळत नाही. ती कोणीतरी घाईने उभारतो, कोणीतरी स्वस्तात उरकतो, आणि कोणीतरी तिच्याकडे पाहूनही डोळे मिटतो. आपल्या सभासद कुटुंबांत कोणी कारखानदार आहेत, कोणी ठेकेदार, कोणी अभियंते व देखरेख करणारे आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की यंत्राचा कठडा, कामगाराचा पट्टा आणि शिरस्त्राण, बाहेर पडण्याची दुसरी वाट, ही केवळ तपासनिसासाठी करावयाची कामे नव्हेत. ती पूजा आहे. अपघातानंतर दिलेल्या हजार रुपयांपेक्षा अपघातापूर्वी बसविलेला शंभर रुपयांचा कठडा देवाला अधिक पावतो.

चोखोबांच्या कथेतील हा सल आपण नीट समजून घेतला पाहिजे. त्यांच्या अस्थींना महाद्वारापुढे मान मिळाला. परंतु जिवंत चोखोबांना त्या दाराच्या आत पाऊल टाकता आले नाही. त्यांच्या समाजास ते दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण आरंभिल्यानंतर. अस्थींना वंदन आणि माणसाला मज्जाव, असे सहा शतके चालले. चोखोबांचे पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत देवाशी सरळ सरळ भांडण आहे, आणि वारकऱ्यांनी ते अभंग टाकून दिले नाहीत, जपून ठेविले. म्हणून दुःखिताच्या घरी गेल्यावर तेथे कोणी देवाला बोल लावला, मालकाला बोल लावला, आपल्यालाच बोल लावला, तरी आपण दुखावले जाऊ नये. तेही ऐकावयाचे असते. ती नास्तिकता नव्हे; ती जखम आहे.

आता आचरणाच्या चार गोष्टी सांगून हे निरूपण आवरतो.

पहिली गोष्ट ही की तेराव्यानंतर जावे. पहिल्या दिवसांत घर भरलेले असते. खरे एकटेपण त्यानंतर सुरू होते. महिन्याने जावे, सहा महिन्यांनी जावे, पहिला सण येईल त्या दिवशी अवश्य जावे. काय बोलावे हे न सुचले तर बोलू नये, तांदूळ निवडावे.

दुसरी गोष्ट, कागद वाचून द्यावेत. कामावर इजा झाली वा मृत्यू आला तर नुकसानभरपाई मिळावी हे आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य झालेले आहे. त्यानंतर १९४८ साली कामगार विम्याचा कायदा झाला, आणि आता या दोहोंची तत्त्वे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलेली आहेत. हा हक्क आहे, भिक्षा नव्हे. परंतु शोकात बुडालेल्या घरी कोणी एखादा कागद पुढे करतो, थोडी रक्कम हातावर ठेवतो आणि अंगठा घेतो, असे घडते. आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, कचेरीत काम करणारे आहेत. अशा घरी एखाद्याने शांतपणे सांगावे की मला वाचू द्या, मग सही करा. हजेरीची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, पोलिसांतील नोंद जपून ठेवण्यास सांगावे आणि कचेरीत जाताना सोबत जावे. गीतेच्या पारायणाइतकेच पुण्य मला या वाचनात दिसते.

तिसरी गोष्ट, जो वाचला त्याचीही विचारपूस करावी. शेजारी उभा असलेला सोबती, यंत्र चालू करणारा, दोन मिनिटांपूर्वी पाणी प्यावयास बाहेर गेलेला, यांचे दुःख कोणाच्या मोजणीत येत नाही. ते बोळात उभे असतात. त्यांना आत बोलवावे.

चौथी गोष्ट, ज्याचा हात गेला त्याला आपण केवळ हात गेलेला मनुष्य करून टाकू नये. त्याला मंदिराच्या कामात घ्यावे, हिशेब सांगावा, भजनाला बसवावे, त्याचा सल्ला घ्यावा. दयेने माणूस खाली बसतो, आदराने तो उभा राहतो. आणि तो परप्रांतीय असेल, आपली भाषा न बोलणारा असेल, तर तर आपण अधिक लवकर गेले पाहिजे. कारण त्याच्या घरचे यावयास चार दिवस लागणार आहेत. आपले पूर्वजही कधीकाळी परक्या मुलुखातच येऊन वसले, आणि त्यांनाही कोणीतरी प्रथम पाणी दिले असेल.

आता सर्वांनी क्षणभर डोळे मिटून घ्यावेत. आज या घटकेला कोठेतरी एखादी पाळी सुटली असेल, आणि एखादी स्त्री दारात येऊन वाट पाहत असेल. हे पांडुरंगा, तिचा मनुष्य सुखरूप घरी येवो. आणि जर तो येणार नसेल, तर तिच्या दारी जाण्याची बुद्धी आम्हांस दे. आमच्या मुखातील पांडित्य क्षणभर आवर. आणि नामदेवरायांना दिलास तसा कान आम्हांस दे, की ज्या कानाला ढिगाऱ्याखालच्या अस्थींतूनही तुझे नाम ऐकू येते.

॥ श्रीविठ्ठलार्पणमस्तु ॥